अनारकान-अपाची पारख

बाजारात खरबूज घेताना माणूस जसं ते उलटंपालटं करून बघतो, तशी अनारकान-अपा, म्हणजे आमची अनारकानताई, नोकरीची वेबसाइट बघते. जाहिरात कधी टाकली, ती गेल्या हिवाळ्यातली तर नाही, फोन लावला तर उचलतं कोण, कामाचे तास लिहिलेत की नुसतंच ‘उत्साही तरुण हवेत’ म्हणून ठेवलंय. काचेच्या कचेरीत कोट घालून हसणाऱ्या परदेशी माणसांचे फोटो दिसले, की तिच्या कपाळाला आठी पडलीच म्हणून समजा. “कामाच्या जागी इतकं कोण हसतं?” असा तिचा सवाल असतो.

ओश शहरातल्या एका सूतगिरणीत तिने उभी हयात माणसं नेमण्याच्या खात्यात काढली. कुणाला घ्यायचं आणि कुणाला दारातूनच परत पाठवायचं, हे तिच्या हातात. पुढे गिरणी बंद पडली, यंत्रं भंगारात गेली, पण अपाची खोड काही गेली नाही. आता गल्लीतली पोरं मोबाइल घेऊन तिच्या अंगणात येतात. जर्दाळूच्या झाडाखालच्या लाकडी चौथऱ्यावर ती पाय पसरून बसते, पोरांकडूनच चहा ओतून घेते आणि कुठली वेबसाइट खरी, कुठली खोटी याचा निवाडा करते. फुकट करते, त्यामुळे बोलणी खावी लागतात ती पोरांनी मुकाट खायची.

तिची पहिली परीक्षा ठरलेली. वेबसाइट कुठलीही असो, आधी ती स्वतःच अर्ज करणार. वय बासष्ट, गुडघे दुखतात, शिक्षण जुन्या काळातलं, आणि हवी काय, तर क्रेन चालवायची नोकरी. त्यावर ‘कळवतो’ असं उत्तर आलं, किंवा काहीच आलं नाही, तर वेबसाइट बरी. पण चहा निवायच्या आत ‘अभिनंदन, आपली निवड झाली’ असं आलं, की ती चष्मा काढून म्हणणार, “बंद कर ते. जो मला क्रेनवर चढवतो, तो तुला कुठंही चढवेल.” एका वेबसाइटने तर तिला हवाई सुंदरी म्हणून नेमलं होतं. ती बातमी शेजारणींना ऐकवताना अपा जरा लाजायची, आणि पुन्हा पुन्हा ऐकवायची.

दुसरी परीक्षा फोनवर. जाहिरात देणाऱ्याला गाठायचं, त्याची, त्याच्या घरच्यांची, गुराढोरांची विचारपूस करायची आणि मग सरळ विचारायचं, “तू कुणाचा रे? सात बाप सांग.” आमच्याकडे पोर बोलायला लागलं की बाप, आजा, पणजा करत सात पिढ्यांची नावं त्याच्याकडून घोकून घेतात. अपाचं म्हणणं असं, की पत्ता खोटा देता येतो, फोटो खोटा लावता येतो, पण सात बाप कुणी खोटे सांगत नाही.

त्या वसंतात तिच्याकडे बुसायरा आली. समोरच्याच घरातली, बावीस वर्षांची पोर. शिवणकामाचं शिक्षण झालेलं, कपड्याची बेतणी कॉम्प्युटरवर करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. आई मॉस्कोला, एका गोदामात पार्सलं बांधायच्या कामावर, कित्येक वर्षं. आता आईने निरोप धाडला होता, की महिनाअखेरपर्यंत ओशमध्ये काम मिळालं तर बरं, नाहीतर तिकीट पाठवते, तूही ये.

“मला जायचं नाही, अपा,” बुसायरा चहा ओतता ओतता म्हणाली. “आई गेली तेव्हा म्हणाली होती, एका वर्षात येते. मी गेले तर मीही असंच म्हणेन.”

अपाने प्याला हातात घेतला, पण प्यायली नाही. “आण तो मोबाइल,” म्हणाली.

राजधानीतली मोठी वेबसाइट खरी होती, पण तिच्यात ओशचं काम औषधालाही नव्हतं. मग निघाली गावातलीच एक, जिच्यात कोकरं, जुने टायर, भाड्याच्या खोल्या आणि नोकऱ्या सगळं एकाच पोत्यात कोंबलेलं. तिथे गाभण मेंढीच्या जाहिरातीखाली तीन ओळी होत्या: शिवणकामाचा लहान कारखाना, बेतणी कॉम्प्युटरवर करणारी व्यक्ती हवी, पगार काम पाहून. खाली नाव, मेदेर. फोटो नाही, काही नाही. अपाने क्रेनसाठी अर्ज केला. मेदेरचं उत्तर आलं, ‘आमच्याकडे क्रेन नाही, आजी. गुडघ्यांना जपा.’

“हं,” अपा म्हणाली, आणि तिने फोन लावला. गुराढोरांपर्यंत सगळं नीट पार पडलं. मग तिने सात बाप विचारले.

पलीकडे शिलाई यंत्रांची घरघर ऐकू येत होती. “वडिलांचं नाव सांगता येईल,” मेदेर म्हणाला. “त्याच्यापुढचं मला माहीत नाही.”

“माहीत नाही म्हणजे? आभाळातून पडलास?”

“कामाचं विचारा ना, अपा.”

अपाने फोन ठेवून दिला. “बघितलंस? ज्याला आजा ठाऊक नाही, त्याच्या कारखान्याला छप्पर तरी असेल का?”

बुसायराला ते गुडघ्यांचं उत्तर आवडलं होतं, पण अपापुढे बोलणार कोण?

दुसऱ्या दिवशी सापडली ती झगमगीत वेबसाइट. निळी, गुळगुळीत, कोट घालून हसणारी माणसंही होती. काम मात्र हुबेहूब बुसायरासाठी बेतल्यासारखं, तेही ओशमध्येच. अपाने नाक मुरडतच फोन लावला. समोरच्या माणसाचा आवाज काय, लोण्यासारखा. त्याने अपाच्या गुडघ्यांपासून शेजारणीच्या गाईपर्यंत सगळ्यांची चौकशी केली. सात बाप विचारल्यावर तो म्हणाला, “आधी तुम्ही सांगा, अपा. मोठ्यांच्या आधी मी कसं तोंड उघडू?”

असं अदबीनं बोलणारं पोर अपाला किती वर्षांत भेटलं नव्हतं. तिने धडाधडा नावं सांगायला सुरुवात केली. पाचव्या नावावर तो मध्येच म्हणाला, “सातिबाल्दी? उझगेनकडचे? अहो, ते तर आमचे सहावे.”

झालं. अपाच्या डोळ्यांत पाणीच आलं. भाऊबंद निघाला, रक्ताचा निघाला. फोन ठेवल्यावर तिने तंदुरात खिम्याचे समसे लावले, गल्लीभर वाटले आणि बुसायराला म्हणाली, “तो पासपोर्टचा फोटो मागतोय ना, संध्याकाळी देऊन टाक. घरचाच आहे.” आनंदाच्या भरात क्रेनची परीक्षा घ्यायची राहूनच गेली.

बुसायरा घरी जाऊन पासपोर्ट हातात धरून बसली. अपाने आपली नावं आधी सांगितली, आणि त्याने त्यातलंच एक उचललं, एवढं तिच्या डोक्यातून जाईना. शेवटी तिने त्या निळ्या वेबसाइटवर एक अर्ज केला. नाव अनारकान, वय बासष्ट, गुडघे दुखतात, क्रेन चालवायची आहे.

मग ती धावतच अपाच्या अंगणात आली. तिने मोबाइल पुढे केला. अपाने चष्मा लावून वाचलं. ‘अभिनंदन, अनारकान. आपली निवड झाली आहे. पासपोर्टचा फोटो ताबडतोब पाठवा.’

अपाने चष्मा काढला. मग म्हणाली, “सातिबाल्दीचा वंशज मला क्रेनवर चढवतोय.”

“तुम्ही हवाई सुंदरीही झाला होतात, अपा.”

“गप गं, पोरी. हसू नकोस.” पण तिचं स्वतःचंच पोट हलायला लागलं होतं. हसता हसता ती थांबली आणि तिचा चेहरा पडला. आपण या पोरीला जवळजवळ विकूनच बसलो होतो, ही गोष्ट तिला आता कळली. तिला स्वतःची फार लाज वाटली. “डोक्याला रुमाल बांध,” ती उठत म्हणाली. “त्या मेंढीखालच्या माणसाकडे जायचंय.”

मेदेरच्या कारखान्याला छप्पर होतं. जुन्या शाळेच्या मागच्या दोन खोल्या, रांगेने शिलाई यंत्रं आणि त्यांच्यावर गल्लीबोळातल्या बायका. मेदेर तिशीतला, बारीक, गळ्यात मोजपट्टी. अपाने तोंड उघडताच त्याने आवाज ओळखला.

“फोन ठेवणाऱ्या अपा,” तो म्हणाला.

“हो, मीच ती. माफी मागायला आलेय,” अपा म्हणाली. आणि ती गिरणीतसुद्धा कधी कुणाची माफी न मागितलेली बाई, सगळ्या यंत्रांसमोर उभी राहिली.

मेदेरला अवघडल्यासारखं झालं. त्याने मोजपट्टी उगाच गुंडाळली, सोडली. “माझं काही म्हणणं नाही, अपा. मी अनाथाश्रमात वाढलो. कागदावर वडील म्हणून तिथल्या व्यवस्थापकांचं नाव आहे. आम्हा सगळ्याच पोरांच्या कागदावर तेच आहे. आता त्यांचा बाप कोण, ते मला काय ठाऊक? पहिल्यापासून जो कुणी विचारतो त्याला मी खरंच सांगतो. बरेच जण तुमच्यासारखाच फोन ठेवतात.”

अपाला खाली बघावं लागलं. ज्या परीक्षेत लबाड उत्तीर्ण झाला, तिच्यात हा खरं बोलून नापास झाला होता, आणि गुण देणारी ती होती.

“ही पोर काम जाणते,” ती हळूच म्हणाली. “माझा राग हिच्यावर काढू नकोस.”

“राग कसला? बसू दे तिला.” मेदेरने कॉम्प्युटर चालू केला आणि एका गरम कोटाचं माप पुढे टाकलं. “कापड कमीत कमी वाया जायला हवं. बाही अशी आडवी येते, की मला काही जमत नाही.”

बुसायरा बसली. अपा दारापाशी उभी राहून बघत होती, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिच्याकडे विचारायला एकही प्रश्न नव्हता. तुकडे पडद्यावर सरकत होते, फिरत होते, एकमेकांच्या कुशीत बसत होते. मेदेर आधी लांबून बघत होता, मग खुर्ची ओढून शेजारी बसला, मग त्याने यंत्रावरच्या दोन बायकांनाही हाक मारली. बाही बसली. उरलेल्या कापडात खिसेसुद्धा निघाले.

“उद्या सकाळी येशील?” मेदेर म्हणाला.

“आज बसायला काय झालं?” बुसायराने विचारलं, आणि बायका खळखळून हसल्या.

जेवणाची वेळ झालीच होती. फरशीवर जेवणाचं दस्तरखान अंथरलं, रोट्या मोडल्या गेल्या, लग्मानची, म्हणजे मांसाच्या रश्शातल्या शेवयांची, कढई आली. अपालाही ओढून बसवलं. बुसायराने तिथूनच आईला फोन लावला. मॉस्कोतल्या गोदामात आईची चहाची सुट्टी होती बहुतेक, कारण तिने लगेच उचलला.

“आई, तिकीट पाठवू नकोस. काम मिळालं. इथेच, ओशमध्ये.”

आईने वेबसाइट कुठली, मालक कोण, अनारकान-अपाने नीट बघितलं का, सगळं विचारलं. बुसायराने सांगितलं. मोबाइलचा आवाज मोठा ठेवलेला, त्यामुळे सगळेच ऐकत होते.  

“बुसायरा,” आई म्हणाली, “त्यांना विचार ना... तिथे शिवायला आणखी एखादी बाई लागते का? माझे हात अजून चालतात गं.”

 अनारकान-अपाने बुसायराच्या हातातून मोबाइल घेतला आणि एक शब्द न विचारता तो मेदेरपुढे धरला.

मेदेरने हात रुमालाला पुसले. “या, ताई,” तो फोनमध्ये म्हणाला. “खिडकीजवळचं यंत्र रिकामं आहे.”