मी कोणासाठी पळतो

नागपूर मी आधी पाहिलं ते दाराबाहेर उभं राहून. आणीबाणी लागायच्या आदल्या वर्षी कॉलेजात नाव घातलं आणि भाड्याची खोली शोधत हिंडायला लागलो. प्रत्येक घरी तोच प्रकार. दार उघडायचं, कोणी तरी हसतमुखानं बाहेर यायचं, कुठून आलात म्हणून विचारायचं. मी सांगायचो, जऊळका स्टेशनापासून दोन कोसांवर आमचं गाव आहे. अरे वा, वऱ्हाडातले का! मग पावसापाण्याची चौकशी, कापूस कसा आहे याची चौकशी, एकदा तर चहासुद्धा. मग सहज आठवल्यासारखं विचारायचे, पूर्ण नाव काय म्हणालात? आडनाव कानावर पडलं की खोली तेवढ्यात दुसऱ्याला देऊन झालेली असायची. एका म्हाताऱ्यानं फाटकावरची ‘खोली भाड्याने देणे आहे’ ही पाटी तशीच लटकत ठेवून मला सांगितलं की खोली कालच गेली. अहो, खोटं बोलायचं तर निदान पाटी काढायचे कष्ट तरी घ्या! माझ्यासाठी त्यानं तेवढेही घेतले नाहीत, याचा मला आज म्हातारपणीही संताप येतो.

शेवटी इंदोऱ्यात आपल्या माणसांत खोली मिळाली. कॉलेज शहराच्या दुसऱ्या टोकाला. सायकल नव्हती. एके दिवशी उठायला उशीर झाला, परीक्षा तोंडावर होती, म्हणून सरळ वह्या छातीशी धरून पळत सुटलो. सदर मागे पडलं, रेल्वेचा पूल मागे पडला, सीताबर्डीच्या दुकानांच्या फळ्या निघत होत्या, आणि माझ्या लक्षात आलं की मला कोणी काही विचारत नाहीये. ज्या रस्त्यांवर दर चार घरांमागे माझं आडनाव विचारलं गेलं होतं, तिथून मी मोकळा चाललो होतो. धावत्या माणसाला कोणी पूर्ण नाव विचारत नाही. मी कॉलेजच्या फाटकाशी घामानं निथळत उभा राहिलो, आणि मला इतका आनंद झाला होता की त्याची भीतीच वाटली.

भीती का, ते सांगतो. आमच्या घरात पळायला बंदी होती. शहरातल्या मित्रांना हे सांगितलं की ते हसायचे, आणि मग मी पुढचं सांगायच्या भानगडीत पडत नसे. बाबा तरुण होते तेव्हा गावात कोणी मेलं की आमच्या घरच्या माणसानं काठी उचलायची आणि मेलेल्याच्या सोयऱ्यांना गावोगाव सांगावा द्यायचा. मंगरूळपीर म्हणा, रिसोड म्हणा, जिथे सोयरे तिथे. मातीची वेळ टळायला नको म्हणून पळत जायचं. ऊन असो की नाल्याला पूर असो. साहेब घोड्यावरून गावात आला तर घोड्यापुढेही पळायचं. याला महारकी म्हणत, आणि गावाच्या लेखी तो आमचा मान होता. छप्पन साली बाबा नागपूरला गेले, दीक्षा घेतली, घरी आले आणि ती काठी त्यांनी चुलीत घातली.

त्यानंतर ते जन्मात पळाले नाहीत. एसटी डोळ्यांदेखत सुटायची, कंडक्टर ओरडायचा, आतले लोक हातानं खुणा करायचे, आणि बाबा आपल्या चालीनं सावकाश येत राहायचे. गाडी गेली तर गेली. मग सगळा रस्ता पायी तुडवायचे. आम्ही भावंडं अंगणात शिवाशिवी खेळायला लागलो तरी घरातून आवाज यायचा, “कायले पयता रे? आपल्या घरात आता कोनी पयनार नाई.” माय म्हणायची, लेकरं हायेत, खेळू द्या. पण आम्ही पाय आवरते घेत असू.

आणि मी नागपुरात रोज पहाटे पळू लागलो. जुन्या बाजारातून कॅनव्हासचे बूट आणले. एक दिवस उत्तरेला, एक दिवस दक्षिणेला, असं करत सगळं शहर पायाखाली घातलं. संत्र्यांच्या बाजारात ट्रक रिकामे होत असत आणि रस्त्यावर चिरडलेल्या सालींचा वास असे. इतवारीच्या बोळांत हमाल हातगाड्यांवरच झोपलेले असत. महालात एक हलवाई भट्टी पेटवताना मला पाहून मान हलवू लागला. आमची ओळख तेवढीच राहिली. अंबाझरीच्या बांधावर पोचेपर्यंत उजाडायचं. चालताना हे शहर मला घाबरवत असे. पळताना वाटे, हे सगळं माझंही आहे. ज्या पाटीवाल्या म्हाताऱ्यानं मला परत पाठवलं, त्याच्या घरावरून तर मी मुद्दाम जात असे. तो फाटकात दूध घ्यायला उभा असायचा. त्यानं मला ओळखलं नाही. एकदा तर शाबास म्हणाला.

एका पहाटे सिव्हिल लाइन्समध्ये शिपायानं अडवलं. “काय चोरून पळून राह्यला बे?” खिसे उलटे करायला लावले. निघाली खोलीची किल्ली. मग नाव विचारलं, राहतो कुठं विचारलं, आणि इंदोरा म्हणताच त्याचा चेहरा ‘तरीच’ असा झाला. एक साहेब पांढऱ्या हाफ पँटीत आमच्या शेजारून पळत गेला, त्याला मात्र ह्या शिपायानं सलाम ठोकला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच रस्त्यानं गेलो, आणि त्याच्या पुढच्याही दिवशी, तो कंटाळून दुसरीकडे पाहायला लागेपर्यंत.

दिवाळीच्या सुट्टीत घरी आलो. पायांना सवय लागलेली. बाबा उठायच्या आत गुपचूप निघायचो, वस्तीच्या मागच्या गाडीवाटेनं जऊळक्याच्या दिशेनं पळत जायचो आणि ते तोंड धुवायच्या आत परत यायचो. आपल्याला कोणी पाहत नाही असं मला वाटत होतं. गावात असं वाटून घेण्याइतका मी शहरी झालो होतो.

त्या आठवड्यात पाटलाची म्हातारी आई वारली. तिची लेक, म्हणजे पाटलाची बहीण, जऊळक्याच्या पलीकडच्या गावात दिलेली. तिला कळवायला हवं होतं. सकाळी आम्ही चहा पीत होतो, तेव्हा वस्तीत मोटरसायकल आली. पाटलाचा मुलगा होता. शाळेत माझ्याच वर्गात होता, माझ्या पाटीवरची गणितं उतरवून पास झालेला. त्यानं गाडी आमच्या दारासमोर उभी केली आणि इंजिन चालूच ठेवलं.

“आजी गेली,” तो बाबांना म्हणाला. “आत्याकडे सांगावा धाडा लागते.”

बाबा म्हणाले, “वाईट झालं. पन ते काम आमी कवाच सोडलं.”

“तुमी सोडलं, पन तुमचा पोट्टा तं रोज सकायी गाडीवाटेनं पयते. साऱ्या गावानं पाह्यलं. रोज फुकट पयते, आज आमच्यासाठी पयला तं काय बिघडन?”

दारोदारची माणसं बाहेर येऊन उभी होती. बाबांनी हातातली कपबशी खाली ठेवली. त्यांना माझं पळणं कळलं ते असं, पाटलाच्या पोराच्या तोंडून, सगळ्या वस्तीसमोर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि त्याच वेळी समोर ती मोटरसायकल धडधडत होती. मी न राहवून म्हणालो, “तुह्या बुडाखाली गाडी हाये. तू काहून नाई जात?”

“घरच्या मान्सानं आपल्या घरची मौत सांगत फिरनं बरं दिसत नाई,” तो म्हणाला. “अन तुले कायचा एवढा राग येऊन राह्यला? पयतच तं हायेस.”

बाबा माझ्याकडे वळले. त्यांचा आवाज चढला नव्हता. “पयतं का रे तू?”

“हो, बाबा.”

“तिकडे, नागपूरले बी?”

“रोज.”

“कोनासाठी?”

मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. “कोनासाठीच नाई,” मी म्हणालो. “मले आवडते म्हणून.”

बाबांनी माझ्या पायांकडे पाहिलं. मग पाटलाच्या मुलाला म्हणाले, “आइकलं ना? कोनासाठीच नाई. जाय आता.”

तो काय काय बोलून गेला ते लिहीत नाही. शेवटी गाडीवर तोच गेला, आणि दुपारच्या आत आत्याला मागे बसवून घेऊन आला. तिला आईचं तोंड पाहायला मिळालं, माती वेळेवर झाली. मी कितीही जीव तोडून पळालो असतो तरी त्या गाडीच्या आधी पोचलो नसतो, आणि परत येताना आत्याला सोबत आणणं तर शक्यच नव्हतं. हे पाटलाला कळत नव्हतं असं कोणी मला सांगू नये. सांगावा पोचवायला त्यांना माझी गरजच नव्हती. त्यांना मला त्या रस्त्यावर त्यांच्यासाठी पळताना पाहायचं होतं. आपल्याच आईच्या मयताला त्यांनी त्यासाठी तासभर ताटकळत ठेवलं. एवढी हौस!

संध्याकाळी मायला निरोप आला, उद्यापासून कापूस वेचायला येऊ नको. मग शेजारणीला आला, मग तिच्या शेजारणीला. त्या हंगामात आमच्या वस्तीतल्या एकाही बाईला वेचणी मिळाली नाही. माझ्या पळण्याची शिक्षा ह्या बायकांना का, हे विचारायला जावं असं माझ्या मनात आलं. माय म्हणाली, “तू काई बोलू नको. बोलाचं ते तुह्या बापानं बोललं.” मी ठरवून टाकलं की आता पळणं पुरे. नागपुरात काय करायचं ते तिकडे पाहू, पण इथे माझ्या पायांपायी कोणाच्या चुलीवर पाणी पडायला नको.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या वेळेला बाबांनी मला हलवलं.

“ऊठ. पयाले नाई जात का?”

“आज नको बाबा. गाव तापलं हाये.”

“मंग आजच जा. अन वस्तीमागून नको जाऊ. गावातून जा.”

माय उठून बसली. “लेकराले मारतीन ते!”

“मी हावो ना तिकडे,” बाबा म्हणाले आणि पायात वहाणा घालून बाहेर पडले.

मी बूट बांधले. वेशीतून आत शिरलो. विहिरीवरच्या बायका बादल्या हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. मारुतीच्या पारावरचे लोक बोलायचे थांबले. नागपुरात मला कोणी ओळखत नव्हतं, म्हणून माझे पाय मोकळे होते. इथे मी कोणाचा कोण, माझा आजा कोणाच्या घोड्यापुढे पळाला, सगळं सगळ्यांना ठाऊक. प्रत्येक ओळखीचं तोंड माझ्याकडे वळत होतं आणि मी पळत होतो.

पाटलाच्या ओट्यावर दुखवट्याला आलेली माणसं बसली होती. म्हातारीचं मला वाईट वाटलं. तिनं माझं काही केलं नव्हतं. मी मान खाली घातली नाही. जोरात गेलो नाही, हळूही झालो नाही. ओट्यावरून कोणी तरी शिवी दिली. पाठीमागून एक दगड आला, माझ्या टाचेजवळ आपटला आणि घरंगळत पुढे गेला.

बाबा चावडीपुढे भर रस्त्यात उभे होते. दगड त्यांच्या पायापाशी येऊन थांबला. त्यांनी तो पाहिला, पाटलाच्या ओट्याकडे पाहिलं, आणि तिथे बसलेल्या प्रत्येकाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात मला म्हणाले, “उद्या बी इकडूनच जाशीन.”