ऐसपैस काका आणि ठमीची टाकी

माझ्या मावशीच्या नवऱ्याला अख्खी गल्ली 'ऐसपैस' म्हणते. त्यांना ते कौतुक वाटतं, आणि लोकांनी हा गैरसमज आजवर मोडलेला नाही. काका घरं दाखवतात. विकत, भाड्यानं, जसं गिऱ्हाईक असेल तसं. खोली कशीही असो, दार उघडलं की ते आधी आत शिरतात, भिंतीला पाठ लावून पोट आत घेतात आणि दोन्ही हात पसरून म्हणतात, "ऐसपैस आहे की नाही?" हात पुरते पसरता आले नाहीत तर कोपरात वाकवतात.

या धंद्यात त्यांचं स्वतःचं शास्त्र आहे. रिकामी खोली लहान दिसते, म्हणून ते सामान मांडून दाखवतात, आणि ते सामान त्यांनी सुताराकडून बेतून घेतलंय. पलंग असा, की झोपणाऱ्यानं पाय दुसरीकडे कुठेतरी ठेवून यावेत. सोफा दोघांचा, पण ती दोघं भांडलेली नसतील तर. गिऱ्हाईक पलंगाभोवती चक्कर मारतं आणि खूश होतं. पुढे स्वतःचा पलंग आणल्यावर त्याला कळतं, की आता खोलीत एक तर पलंग मावेल नाहीतर दार उघडेल. तोवर काका दुसऱ्या मजल्यावर दुसऱ्या कुणापुढे हात पसरून उभे असतात.

जिवंत काहीतरी असलं की घर नांदतं दिसतं, हे शास्त्रातलं नवं कलम. त्यासाठी त्यांनी काचेचा गोल बाउल आणि त्यात एक गोल्डफिश आणला. शेंदरी रंगाचा, गोलमटोल, दुहेरी शेपटीचा. घर दाखवायचं असलं की बाउल तिकडच्या खिडकीत, एरवी घरी मावशीच्या शिवणयंत्राशेजारी. मावशी लोकांचे कपडे आखूड-सैल करून देते. तिनं माशाचं नाव ठमी ठेवलं. मशीन सुरू झालं की ठमी काचेला तोंड लावून उभी राहायची.

"मी कामाला बसले की जवळ येणारं या घरात एवढं एकच आहे," मावशी म्हणायची. "बाकीचे तेव्हा पेपर वाचतात."

बाकीचे एकटेच होते, आणि पेपर वाचत होते.

ठमीला भांडं लहान पडतंय, हे मावशी पहिल्यापासून सांगत होती. काकांचं उत्तर तयार असायचं. "मासा भांड्याएवढाच वाढतो. निसर्गाची सोय आहे ती. माणसाचंही तेच. घर लहान असलं की गरजाही आटोपशीर राहतात." हेच वाक्य ते बाउलकडे बोट दाखवून गिऱ्हाइकांना ऐकवत. त्यावर किती संसार आटोपशीर झाले कुणास ठाऊक.

एका सकाळी मशीन सुरू झालं आणि ठमी आलीच नाही. पर मिटून ती वर तरंगत होती आणि पाण्याबाहेर तोंड काढून भराभरा उघडझाप करत होती. मावशीनं पाणी बदललं. जरा बरं वाटलं, संध्याकाळी पुन्हा तेच. मग तिनं काकांना आणि सोबत मला माशांच्या दुकानात धाडलं. मला बहुधा साक्षीदार म्हणून.

"भांडं केवढं आहे?" दुकानदारानं विचारलं.

"ऐसपैस आहे," काका म्हणाले आणि बाउल काउंटरवर ठेवला.

दुकानदारानं बाउलकडे पाहिलं, मग काकांकडे. "आठ-दहा लिटर असेल. एवढ्यात तुम्ही अंघोळ केलीत तर डोकं भिजेल, पाय कोरडे राहतील. गोल्डफिश खातो फार आणि घाणही फार करतो. थोड्या पाण्यात त्या घाणीचं विष होतं. त्यात भांड्याचं तोंड अरुंद, म्हणजे हवाही कमी. याला एकट्याला निदान ऐंशी लिटरची टाकी हवी, फिल्टर लावलेली. दुसरा आणलात तर आणखी चाळीस."

"पण मासा भांड्याएवढाच वाढतो ना?"

"खुंटतो. आधी वाढायचा थांबतो, मग जगायचा. नीट ठेवला तर दहा-पंधरा वर्षं काढतो. लोक वर्षात घालवतात आणि म्हणतात, आयुष्यच तेवढं होतं."

"मग मला बाउल विकलात कशाला?"

"आधी टाकीच दाखवली होती. तुम्ही म्हणालात, जागा खाईल."

विक्रेत्याला विक्रेता भेटला की दोघांचाही नाइलाज होतो. काका बाउल स्वतःकडे ओढत हळूच म्हणाले, "बघू. सध्या घरात जागा नाही."

हे वाक्य त्यांच्या तोंडून निघालेलं मी या कानांनी ऐकलंय. पाण्यातलं क्लोरीन मारायचे थेंब आणि हवेचा छोटा पंप तेवढा घेऊन आम्ही परतलो, आणि घरी पोचताच ते वाक्य मी मावशीला जसंच्या तसं दिलं.

तिनं माळ्यावरून एक नवाकोरा मोठा टब काढला, धुतला, पाणी भरलं, थेंब घातले, पंप लावला आणि ठमीला त्यात सोडलं. टब मावेल अशी जागा एकच होती, बाथरूम.

"टाकी येईपर्यंत ती इथं राहील."

"आणि मी अंघोळ कुठं करू?"

"कोपऱ्यात. गरजा आटोपशीर ठेवा. आणि साबणाचा एक थेंब त्या पाण्यात गेला तर बघा."

त्यानंतर काकांची अंघोळ म्हणजे कसरत झाली. टबावर चादर, एक पाय उंबऱ्याशी, तांब्या खांद्यामागून. आतून कण्हण्याचे आवाज येत. एकदा ते ओरडले, "हात हलवायला जागा नाही इथं."

"कोपरात वाकवा," मावशी मशीनवरून म्हणाली.

ठमी मात्र सुधारली. पर उघडले, खायला लागली. काका म्हणाले, बघ, आपोआप बरी झाली. पण टबाला फिल्टर नव्हता. रोज निम्मं पाणी बादल्यांनी उपसायचं आणि ताजं भरायचं. थोड्याच दिवसांत मावशीची कंबर धरली. एक दिवस काका दुपारीच घरी आले तर मशीन बंद. मावशी बाथरूमच्या उंबऱ्यावर कंबरेला हात लावून बसली होती, शेजारी बादली अर्धी भरलेली. टबाकडे बघून ती म्हणत होती, "माझ्याच्यानं होईल तेवढं करीन गं. पुढचं नाही सांगत."

काका तसेच मागे फिरले आणि पिशवीतून टेप काढून आले. दुसऱ्यांची शेकडो घरं मोजलेल्या माणसानं स्वतःचं घर त्या दिवशी पहिल्यांदा मोजलं. बाल्कनी? उन्हानं पाणी तापेल. फ्रिजवर? भरलेल्या टाकीचं वजन क्विंटलभर, फ्रिज चेपेल. मशीनच्या जागी? "मशीन हलणार नाही," मावशी म्हणाली. राहिला हॉलचा एकच कोपरा, आणि तिथं काकांची आरामखुर्ची होती. पाठ मागे पडणारी, पाय वर उचलणारी, त्या घरातली एकमेव पूर्ण मापाची वस्तू. पसरली की पाव हॉल खायची.

टेपचं दुसरं टोक मावशीच्या हातात होतं. "किती भरलं?"

"पुरेल."

"नीट सांगा."

"ऐसपैस आहे," काका म्हणाले. हात पसरले नाहीत.

खुर्ची खालच्या सलूनवाल्याकडे गेली. काका पेपर वाचायला आता तिथं जातात आणि गिऱ्हाईक आलं की उठून उभे राहतात. टाकीचा स्टँड त्याच सुतारानं केला. मापं त्यानं दोनदा विचारून घेतली. काकांनी सांगितलेलं खरं माप त्याला ओळखू येईना. दुकानदारानं फिल्टरसाठी आपल्या टाकीतला वापरलेला स्पंज दिला, म्हणजे त्यातल्या चांगल्या जिवाणूंमुळे नवं पाणी लवकर रुळेल. दर आठवड्याला थोडं पाणी बदलायचं काम काकांकडे आहे. मावशीनं ते विचारून दिलेलं नाही.

ठमी आता चांगली मुठीएवढी झालीय. मशीन सुरू झालं की तिला टाकीच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत पोहत यावं लागतं. ती काचेला तोंड लावेपर्यंत मावशी थांबते आणि मगच कापड पुढे सरकवते.

काकांचं शास्त्रही सुधारलं. परवा एका कुटुंबाला सांगत होते, "अहो, एका माशाला ऐंशी लिटर लागतात, तुम्ही तर चौघं आहात. ही कशाला घेता? वरची मोठी बघा." त्यांनी मोठी घेतली. दलाली अर्थातच मोठ्या जागेची मोठी.

तो आखूड पलंग मात्र अजून प्रत्येक घरात जातोच. मी विचारलं, "काका, माशाचं पटलं तुम्हाला, मग माणसाचं काय?"

काका तेव्हा टाकी आणि शिवणयंत्र यांच्यामधल्या फटीत स्टुलावर बसले होते, गुडघे हनुवटीशी घेऊन, हातात पाणी उपसायची नळी.

"माणसाचं वेगळं असतं रे," ते म्हणाले. "तो पाय दुमडतो."