नावावरची गाडी

ती दातांच्या कवळ्या बनवायची. डॉक्टरांकडून कोणाच्या तरी तोंडाचं माप यायचं, त्यात प्लास्टर ओतून जबडा तयार व्हायचा, आणि त्या जबड्यावर मेणाची पट्टी बसवून ती एकेक दात लावायची. पुढचे दात लावताना हात जरा चुकला तर माणूस जन्मभर कोणावर तरी डाफरल्यासारखा दिसतो, असं तिच्या लॅबचे मालक म्हणायचे. तिचा हात चुकत नसे. सगळे तिला कवळीवाली म्हणत, आणि तिला त्यात काही वावगं वाटत नसे.

नवरा घरातून गेला तेव्हा तिला तिसरा महिना होता. भांडण नाही, तंटा नाही. बाहेरगावी मालाची मोठी ऑर्डर आहे, चार दिवसांत येतो, असं सांगून तो व्हॅन घेऊन निघाला. चार दिवसांचे आठ झाले, फोन बंद लागायला लागला, आणि मग एका सकाळी दारात वसुलीवाला उभा राहिला.

वसुलीवाला म्हटल्यावर डोळ्यांसमोर जसा माणूस येतो तसा हा नव्हता. अंगाने किडकिडीत, हातात हेल्मेट, बोलताना नजर जमिनीवर. त्याने सांगितलं की गाडीचे हप्ते कितीतरी महिने थकले आहेत, आणि कर्ज ताईंच्या नावावर असल्यामुळे त्याला ताईंकडेच यावं लागलं.

ते खरंच होतं. नवऱ्याचा व्हॅनमधून माल पोचवायचा धंदा, त्याला बांधलेला पगार नव्हता, तिला होता. म्हणून गाडी तिच्या नावावर, कर्ज तिच्या नावावर, आणि जामीन म्हणून त्याच्या आईचा अंगठा. दर महिन्याला पगार झाला की हप्त्याचे पैसे ती नवऱ्याच्या हातात देत आली होती. त्यांचं त्याने काय केलं, हे कर्ज देणाऱ्या कंपनीला माहीत नव्हतं आणि तिलाही नाही.

वसुलीवाल्याला वाटलं, बाई आता रडेल, नाहीतर अंगावर येईल. तिने त्याला पाणी दिलं. पुढच्या महिन्यात बघते म्हणाली, दार लावलं आणि कामाला गेली. दात काढण्याआधी सुई टोचली की आपलाच गाल आपल्याला आपला वाटत नाही, तसं तिचं सगळं अंग झालं होतं. चिमटा काढला असता तर कोणा दुसऱ्यालाच काढल्यासारखं वाटलं असतं.

मालकांच्या कानावर गोष्ट गेली. त्यांनी तिला कवळीच्या औषधाच्या वासापासून लांब, खिडकीजवळच्या टेबलावर बसवलं आणि फक्त मेणाचं काम दिलं. शेजारणी येऊन हळहळून गेल्या. एकीने तर तिच्या वतीने रडूनही घेतलं. ती सगळ्यांना चहा करून देई. त्या बाहेर पडताना एकमेकींना म्हणत की बाई दगड झाली आहे.

दगडालाही हप्ता भरावा लागतो. तिने कपाट विकलं, कानातलं विकलं, मालकांकडून पगारावर उचल घेतली. एका बाजूने थकबाकी थोडी उतरायची, तोवर दुसऱ्या बाजूने व्याज आणि दंड चढायचा. घरभाडं तुंबलं. दवाखान्यातली डॉक्टरीण म्हणाली की वजन वाढत नाही, दोन जिवांचं जेवायला हवं. तिने मान हलवली आणि येताना पाव घेतला, तो दोन दिवस पुरवला.

पोटातलं बाळ हलायला लागलं तेव्हाही ती तशीच. ती दात लावत होती, आतून ढुशी बसली, ती थांबली आणि मग पुढचा दात उचलला. आपल्याला आनंद व्हायला हवा होता, हे तिला ठाऊक होतं. व्हायचा तेव्हा होईल, म्हणून तिने तो विषय बाजूला ठेवला.

सातव्या महिन्यात वसुलीवाला पुन्हा आला तेव्हा तिने त्याला सरळ विचारलं, "दादा, मी मरेपर्यंत असंच भरत राहणार का? यातून सुटायची काही वाट आहे का, ते सांगा."

त्याने इकडेतिकडे बघितलं. मग खुर्ची पुढे ओढून सगळं समजावून सांगितलं. गाडी तिच्या नावावर आहे, तेव्हा ती स्वतः नेऊन जमा करू शकते. कंपनी गाडी विकेल, आलेले पैसे कर्जातून वजा होतील, दंड थांबेल. उरलेल्या रकमेचे झेपतील असे लहान हप्ते पाडून मिळतात, फक्त अर्ज करावा लागतो. हे कोणी आपणहून सांगत नाही, असंही तो म्हणाला. पण त्यासाठी गाडी हवी. आणि गाडी मिळाली नाही तर कंपनी जामिनाकडे जाणार, म्हणजे तिच्या सासूच्या राहत्या खोलीवर गदा येणार.

सासूशी तिचं दोन वर्षं बोलणं नव्हतं. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा सासूने तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं की माझ्या लेकाच्या हातात कधी रोख पैसे देऊ नकोस. आपल्याच मुलाबद्दल असं बोलणारी बाई तिला मनाची कोती वाटली होती. शब्दाला शब्द लागला आणि जाणं-येणं तुटलं. जामिनाच्या वेळी सासू आली, अंगठा उठवला आणि पाणीही न पिता गेली होती.

सासू एका लॉन्ड्रीचे कपडे घरी आणून इस्त्री करायची. सून दारात उभी राहिली तेव्हा तिच्या पुढ्यात हॉटेलच्या वेटरांचे पांढरे शर्ट पडले होते. सासूने तिच्या पोटाकडे बघितलं, मग चेहऱ्याकडे, आणि हातातला शर्ट पुरा करायला घेतला. सुनेने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पगारातून दिलेले पैसे, थकलेले हप्ते, खोलीवर येणारं संकट. आवाज चढला नाही की उतरला नाही. सासूने कॉलर दाबली, बाह्या दाबल्या, शर्टाची घडी घातली. मी तुला सांगितलं होतं, एवढे शब्द तिच्या ओठांवर आले असणार. तिने ते गिळले.

"तो कुठे आहे ते मला माहीत आहे," सासू म्हणाली. "रविवारी फोन करतो मला. शेजारच्या शहरात घाऊक बाजाराच्या मागे गाडी लावतो, गाडीतच झोपतो."

सुनेने विचारलं, "मला का नाही सांगितलंत, आई?"

"तू विचारायला आली नाहीस. आणि मला वाटत होतं, येईल परत. आपल्या पोटचा आहे म्हटल्यावर असं वाटतंच." तिने इस्त्रीचं बटण बंद केलं. "दुसरी किल्ली तुझ्याकडे आहे का?"

किल्ली होती. दोन दिवसांनी तिघं बसने निघाले. सून, सासू आणि वसुलीवाला, कारण दोघींपैकी कोणालाच गाडी चालवता येत नव्हती. बसमध्ये दोघी बसल्या आणि तो दांडीला धरून उभा राहिला. सासूने त्याची पुरती उलटतपासणी घेतली. लग्न झालंय का, आई आहे का, लोकांच्या दारात जाऊन पैसे मागायचा धंदा आईला पसंत आहे का. त्याने सांगितलं की आई त्याला बँकेत साहेब समजते. सासूने डब्यातलं उकडलेलं अंडं काढून त्याच्या हातावर ठेवलं आणि म्हणाली, "खा, साहेब." मागच्या सीटवरचे लोक हसले. सून खिडकीबाहेर बघत होती. आपण हसतोय का, हे तिने गालाला हात लावून पाहिलं. हसत नव्हती.

गाडी सांगितल्या जागीच मिळाली. बाजाराच्या मागच्या गल्लीत फुटक्या खोक्यांचा ढीग पडला होता, त्याच्या आडोशाला ती उभी होती. समोरचा दिवा फुटलेला, एका बाजूचं दार चेपलेलं. तिने मागचं दार उघडलं. आत एक गादी अंथरली होती. उशाशी आरसा, दाढीचं सामान, प्लास्टिकची बादली, दोरीवर वाळत घातलेली बनियन. दुसऱ्या बाईचा मागमूसही नव्हता. पैशांच्या चैनीचीही काही खूण दिसत नव्हती. एखादी बाई असती, दारूच्या बाटल्या असत्या, तर निदान राग कशावर धरायचा ते तरी कळलं असतं.

सासू आत चढली. तिने दोरी सोडली, बनियनची नीट घडी घातली, गादी गुंडाळून दोरीने बांधली, आणि एकेक वस्तू बादलीत भरून ते सगळं पलीकडच्या बंद दुकानाच्या पायरीवर नेऊन ठेवलं. परगावी शिकायला निघालेल्या मुलाचं सामान बांधावं, इतक्या निगुतीने.

तेवढ्यात तो आला. हातात चहाचा कागदी कप होता. वाळला होता, दाढी मात्र केलेली होती. गाडी बघितली, आई बघितली, बायको बघितली, आणि जागीच थांबला. वसुलीवाला चटकन स्टिअरिंगमागे जाऊन बसला, पण कोणी कोणाच्या अंगावर गेलं नाही. नवऱ्याने तिच्या पोटाकडे बघत विचारलं, "कधीची तारीख दिलीय?"

तिने महिना सांगितला. ते हप्त्याचे पैसे कुठे गेले हे विचारायचा हाच क्षण होता. बसमध्ये तिने वाक्यही जुळवून ठेवलं होतं. ते तोंडाशी आलं आणि तिथेच विरलं. धंदा बुडत होता, एकाचं देणं दुसऱ्याकडून भागवत होतो, असं काहीतरी तो आपणहूनच पुटपुटला. तिने ऐकून घेतलं.

"सीटखाली माझे बूट आहेत," तो शेवटी म्हणाला. "तेवढे घेऊ दे."

ती बाजूला झाली. त्याने बूट काढले आणि पायरीवर जाऊन आपल्या गादीशेजारी बसला. आईने त्याच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला आणि गाडीत येऊन बसली. गल्लीतून वळेपर्यंत दोघींपैकी एकीनेही मागे पाहिलं नाही. परतीच्या वाटेवर सासू दोन तास रडली. सुनेने तिचा हात धरून ठेवला होता. तो धरायला हवा, एवढं तिला कळत होतं.

गाडीला अपेक्षेपेक्षा कमी पैसे आले, तरी कर्जाचा मोठा भाग उतरला. उरलेल्याचे लहान हप्ते पाडून घ्यायला तिला कंपनीत तीन खेपा घालाव्या लागल्या. काउंटरवरच्या माणसाने आधी कानांवर हात ठेवले, मग साहेब रजेवर आहेत म्हणाला. ती पोट घेऊन तिथल्याच खुर्चीत बसून राहिली, कोणाशी वाद न घालता, ऑफिस बंद होईपर्यंत. तिसऱ्या खेपेला साहेब रजेवरून आले.

भाडं वाचावं म्हणून तिने आपली खोली सोडली आणि सासूच्या खोलीत राहायला गेली. अर्धी खोली इस्त्रीच्या टेबलाने खाल्ली होती, उरलेल्या अर्ध्यात दोघी. मुलगी झाली. सुईण म्हणाली, गोड आहे, आणि तिने बाळाला आईच्या कुशीत ठेवलं. ती बघत राहिली. बोटं, नखं, कान. सगळं नीट होतं. तिने तिला पाजलं, पुसलं, निजवलं, आणि पुन्हा पाजलं. सासू येताजाता तिच्याकडे बघायची.

मुलगी दीड महिन्याची असताना एका दुपारी सासूने बाळाचं ओलं दुपटं वाळावं म्हणून त्यावर इस्त्री फिरवली. इस्त्री जास्त तापली होती. दुपट्याला तपकिरी डाग पडला.

डाग बघितला आणि सुनेचा आवाज फुटला. तुम्हाला विचारून का करता येत नाही, मेलं एक धड दुपटं होतं तेही जाळलंत, लोकांचे शर्ट तेवढे जपता, आणि आयुष्यात एकदा तरी कोणी मला विचारून काही केलंय का, असं ती बोलत गेली. दुपट्यावरून गाडीवर आली, गाडीवरून नवऱ्यावर, नवऱ्यावरून पगारावर. तिला धाप लागली, नाक वाहायला लागलं. मुलगी दचकून रडायला लागली. शेजारची बाई दाराशी येऊन थबकली. सासूही काही कमी नव्हती, तिनेही दोन शब्द सुनावले. एवढं दुपट्याचं कौतुक होतं तर उन्हात का नाही घातलंस, म्हणाली.

मग सासूने इस्त्री उभी केली, नातीला उचलून खांद्यावर टाकलं आणि दारातल्या बाईला शांतपणे सांगितलं, "काही नाही हो. सून भांडतेय माझी."

सून भिंतीला टेकून खाली बसली आणि जळकं दुपटं तोंडावर धरून बराच वेळ रडली. तिला कोणी गप्प केलं नाही. रडून झाल्यावर तिला सपाटून भूक लागली. सासूने तिच्यापुढे ताट सरकवलं आणि पुढचा शर्ट टेबलावर पसरला.

हप्ते अजून चालू आहेत. ती कामावर जाते, मुलगी आजीजवळ असते. नवऱ्याने मध्ये एकदा थोडे पैसे पाठवले, नंतर पाठवले नाहीत. दुपट्यांवरून मात्र दोघींचं रोज वाजतं.