बंद करू का?

नकाशे काढणाऱ्या त्या छोट्या ऑफिसात कॉम्प्युटर आले, तेव्हा ते सगळे एकाच काळ्या केबलने एकमेकांना जोडलेले होते. मुख्य असा कॉम्प्युटर नव्हताच. प्रिंटर टायपिस्ट ताईंच्या कॉम्प्युटरला, नकाशे ड्राफ्ट्समन भाऊंच्या कॉम्प्युटरमध्ये. ज्याला जे हवं ते त्याने दुसऱ्याकडून घ्यायचं. कुणाचा पाय केबलला लागला की सगळ्यांचंच काम ठप्प. मग चांगली मोठी माणसं टेबलांखाली रांगत सुटलेला जोड शोधायची. साहेबांनीही एकदा डोकं आपटून घेतलं. तेव्हा कुणी हसलं नाही असं सगळे सांगतात, पण ते काही खरं नाही.

पहिल्याच आठवड्यात ताई कॉम्प्युटर बंद करून निघाल्या आणि भाऊंचा नकाशा प्रिंटरमध्ये अर्ध्यावर अडकला. भाऊंनी तो अर्धा कागद त्यांच्यासमोर धरला.

"ताई, नदी छापून झाली. पूल तुमच्याबरोबर घरी चाललाय."

ताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हापासून निघताना त्या उभ्या राहून सगळ्या खोलीला विचारायच्या, "बंद करू का?" मग बाकीचेही विचारू लागले. भाऊ हमखास म्हणायचे, "थांबा, माझं चाललंय." त्या थांबण्यात मनसोक्त गप्पा व्हायच्या. ताईंच्या लेकीचं लग्नसुद्धा अशाच एका संध्याकाळी भाऊंच्या ओळखीतून जुळलं.

पुढे काचेच्या खोलीत सर्व्हर, म्हणजे कधीच बंद न होणारा मुख्य कॉम्प्युटर, आला आणि कुणी कुणाला विचारायची गरजच उरली नाही. माणसं बदलली, कानांत इअरफोन आले, कोण कधी घरी गेलं ते कळेनासं झालं. ताईंना हे अजिबात रुचलं नाही. त्या विचारतच राहिल्या. नवी मुलं आधी गालात हसायची, नंतर तेवढंही करेनाशी झाली. भाऊ तेवढे मान वर न करता म्हणायचे, "करा."

ताईंच्या निवृत्तीच्या दिवशी दुपारी भाषणं झाली आणि सगळे पुन्हा आपापल्या स्क्रीनला चिकटले. संध्याकाळी ताईंनी पर्स उचलली. आज विचारलं आणि कुणीच ओ दिली नाही तर? इतकी वर्षं आपण इथे होतो, ते कुणाच्या खिजगणतीतही नव्हतं असंच होईल. गुपचूप निघावं, असंही मनात येऊन गेलं. तरी त्या उभ्या राहिल्या.

"बंद करू का?"

कुणी वर पाहिलं नाही. मग कोपऱ्यातून भाऊंचा आवाज आला.

"थांबा ताई. माझं चाललंय."

ताईंनी वळून पाहिलं. भाऊंचा कॉम्प्युटर कधीच बंद झाला होता. डब्याची पिशवी मांडीवर घेऊन ते नुसते बसले होते.

ताईंनी पर्स खाली ठेवली आणि आपली खुर्ची त्यांच्या टेबलाकडे ओढली.