येते हं

रंगमंचावरून मी आयुष्यभर एक्झिट घेतल्या. रडत, हसत, दार आपटत. एकदा तर पदर खिळ्यात अडकून टर्रकन फाटला, तशीच. पण माझ्या भाचीच्या शेजाऱ्याने घेतली तशी एक्झिट मला कधी जमली नाही.

भाची म्हणजे माझ्या धाकट्या भावाची मुलगी. घरात तिला सगळे मौनी म्हणतात. चार माणसांत तिच्या तोंडून शब्द फुटेल तर शपथ. "घरातली सगळी बडबड आत्यानेच संपवली, पोरीच्या वाट्याला उरलं काय?" असं भाऊ मला टोमणे मारायचा. तिला कामही साजेसंच मिळालं. डॉक्टरांनी बोलून ठेवलेलं हेडफोन लावून ऐकायचं आणि टाइप करायचं. कंपनी म्हणाली, कुठेही बसून करा. तर ही बया परदेशातल्या एका शेतीच्या गावात जाऊन बसली. भाडं कमी, शांतता फुकट. एक रस्ता, एक दुकान, बाकी नजर पोचेल तिथवर शेतं.

शेजारी एक म्हातारा होता, गाईंवाला. एकटाच. गेल्या गेल्या त्याने तिला कॉफीला बोलावलं. निघताना मौनी सवयीने म्हणाली, "येते हं." फक्त म्हणाली त्याच्या भाषेत, शब्दाला शब्द ठेवून.

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळ झाली की म्हातारा फाटकावरचा दिवा लावायचा आणि त्याखाली उभा राहायचा. तोंड हिच्या खिडकीकडे. हलायचा नाही, हाक मारायचा नाही. मौनीने पडदे ओढून घेतले. फोनवर कुजबुजली, "आत्या, तो आजही उभा आहे गं."

"चंबूगबाळं आवर आणि परत ये! तुझी खोली आहे तशी आहे."

ती निघालीच असती. पण दूध न्यायला येणाऱ्या टँकरच्या ड्रायव्हरने तिला रस्त्यात गाठलं. "काय हो बाई, म्हाताऱ्याला का ताटकळत ठेवलंय? येते म्हणालात ना? रोज दोन कप मांडून बसतो तो."

मौनी घरातल्या सपाता घालून तशीच धावली. म्हातारा म्हणाला, "उशीर केलास."

"आमच्याकडे निघताना तसं म्हणतात," ती ओशाळली.

"जाताना येते? सरळ जाते म्हणावं की!"

"जाते नाही म्हणत. जाते म्हटलेलं माणूस परत येत नाही."

म्हाताऱ्याने कप खाली ठेवला. मग भिंतीवरच्या बायकोच्या फोटोकडे बघत म्हणाला, "ही जाते असं म्हणूनच गेली." आणि थोड्या वेळाने, "तुमच्या भाषेत कसं म्हणतात ते?"

तिने शिकवलं. तो शिकलाही, अगदी तिच्यासारखं: "येते." पुरुषाने येतो म्हणायचं, हे मौनीने त्याला कधी सांगितलंच नाही. तिला तेवढंच हसायला व्हायचं. एवढा धिप्पाड गडी, छातीवर रुळणारी दाढी, आणि गोठ्याकडे निघताना मान तुकवून म्हणायचा, "येते." फोनवर मीही ऐकलंय. काय खर्जातला आवाज! आमच्या नाटक कंपनीत असता तर राजाचं काम दुसऱ्या कुणाला मिळालं नसतं.

पुढच्या हिवाळ्यातली गोष्ट. मौनी सकाळी हेडफोन लावून कामाला बसली होती. उठून दार उघडलं तर पायरीवर टँकरचा ड्रायव्हर, टोपी हातात. म्हाताऱ्याला ॲम्ब्युलन्समधून नेलं होतं, वाटेतच संपला. तिच्या कानांत तेव्हा कुठल्या तरी डॉक्टरचा आवाज होता.

"तुमच्या खिडकीकडे बघून काहीतरी बोलला," ड्रायव्हर म्हणाला. "आम्हाला कळलं नाही." मग त्याने तो आवाज जमेल तसा काढून दाखवला. "ये... ते."

गाई विकल्या गेल्या. घराला कुलूप लागलं. कंपनीने आता मौनीला इथल्याच ऑफिसात बोलावलंय, पगार वाढवून. मी खोली झाडली, उशीला नवा अभ्रा घातला. काल विचारलं, "कधी निघतेस?"



"आत्या, त्याच्या फाटकावरचा दिवा संध्याकाळी मी लावते."

"अगं, पण माणूस गेला ना!"

"जाते कुठे म्हणाला तो?"

 फोन ठेवताना ती हळूच म्हणाली, "येते हं, आत्या."

कालपासून जिन्यातला दिवा मी मालवलेला नाही.