सरांची रोजची एक चूक

आमचे बायोलॉजीचे सर रोज एक खोटं शिकवायचे. मुद्दाम, ठरवून, चेहऱ्यावरची रेष हलू न देता. तासाभराच्या शिकवण्यात कुठंतरी एक चुकीचं वाक्य पेरलेलं असायचं. ते ज्याच्या लक्षात येईल त्यानं उभं राहून ‘पकडलं!’ म्हणून ओरडायचं. म्हणून अख्ख्या लातुरात त्यांचं नाव पकडा सर. खरं नाव फक्त दारावरच्या पाटीला ठाऊक. कुणालाच चूक सापडली नाही, तर सर खडू ठेवून शांतपणे म्हणायचे, “आज एक खोटं घेऊन घरी चाललात. आता ते तुमच्या डोक्यात राहायला आलं. काढा बरं शोधून.” त्या दिवशी मेसचं वरण घशाखाली उतरायचं नाही.

मी हिमायतनगरहून मेडिकलला लागायच्या इराद्यानं लातूरला आलो, तेव्हा भूकंपाला थोडीच वर्षं झाली होती आणि क्लासेसचं पीक नुकतं तरारायला लागलं होतं. सर पत्र्याच्या शेडमध्ये शिकवत. पोरांना ते गावाच्या नावानं हाक मारायचे: औसा, किनवट, देगलूर. मी अर्थातच हिमायतनगर. पकडण्याची मला इतकी घाई, की मी बरोबर वाक्यावरच उठायचो. एकदा सर म्हणाले, “मेंदूतली पेशी एकदा मेली की जवळजवळ कायमची गेली. तिच्या जागी नवी येत नाही.” मी ताडकन उभा. “पकडलं! सर, पेशी तर सगळ्याच विभागतात.” सरांनी चष्मा पुसला. “हिमायतनगर, तुझ्या बाकीच्या विभागत असतील बाबा. पण वरच्या मजल्यावर नवीन बांधकाम चालू हाय, असं बाहेरून तरी दिसून नाही राहिलं.” पुढं वर्षभर पोरं मला ‘बांधकाम’ म्हणत होती.

सर मूळचे उदगीरचे. भूकंपानंतर ते पडलेल्या गावांत दगड उपसायला गेले होते, पण त्याबद्दल फारसं बोलत नसत. फक्त म्हातारपणी मेंदूला लागणारे आजार शिकवताना त्यांचा आवाज खाली यायचा. “त्या गावांतल्या भिंती आठवा,” ते म्हणायचे. “हातभर जाड. दगडाला काही झालं नव्हतं. दोन दगडांमधली माती कधीच भुसभुशीत झालेली. बाहेरून भिंत उभी, आणि घरातले बिनघोर झोपलेले.” एवढं बोलून ते थांबायचे. त्यात चूक शोधायला कुणी उठायचं नाही. मीसुद्धा.

मेडिकलला मी लागलो नाही, हे सांगायला नकोच. पण हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत चिकटलो. तिथं माणसाच्या कातडीतल्या पेशी घेऊन त्यांना उलट्या पावली लहान करतात, इतक्या लहान, की त्यांना पुन्हा काहीही होता यावं. मग त्यांच्याकडून मेंदूच्या पेशी घडवून घेतात. हे सारं काचेच्या डबीत. स्मृतिभ्रंश कसा सुरू होतो ते पाहायचं, एवढाच आमचा उद्योग. पण सरांनी क्लासमध्ये माझा सत्कार ठेवला, गळ्यात हार पडला आणि माझी जीभ सुटली. “आम्ही मेंदू बनवतो!” असं मी माईकवरून ठोकून दिलं. दुसऱ्या दिवशी एका स्थानिक पेपरात छापून आलं, ‘हिमायतनगरचा सुपुत्र बनवतो माणसाचा मेंदू.’ आईनं सांगितलं, “आधी स्वतःसाठी एक बनव.” त्यानंतर कुणाची आजी, कुणाचा चुलता, असे फोन येत राहिले.

त्याच सत्काराच्या दिवशी सरांचा तासही मी मागच्या बाकावरून ऐकला. आता शेडच्या जागी तीन मजली इमारत होती आणि चौकाचौकांत फ्लेक्सवर सरांच्या पोरांचे फोटो. सरांनी हृदयाचे कप्पे चुकवले. “पकडलं!” मग रक्ताचा प्रवाह उलटा नेला. “पकडलं!” मग तेच वाक्य पुन्हा, तसंच. पोरं बाकं वाजवत होती. शेजारी बसलेले एक पालक खुशीत म्हणाले, “सर आजकाल एका तासात लई चुका टाकून राहिले. पोरगं डुलकी घेत न्हाई.” मीही दोन पकडल्या. इतक्या वर्षांनी अचूक पकडल्या, म्हणून छाती फुगवून खाली उतरलो.

जिन्याखाली सरांची मुलगी रेहाना उभी होती. ती नांदेडला कॉलेजात शिकवते. तिनं माझ्या हाराकडं पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाली, “दादा, अब्बा मला काल किनवट म्हणाले.”

मी हसलो.

“दोनदा म्हणाले,” ती म्हणाली. “आणि विचारलं, हॉस्टेलात पाणी येतंय का.”

तपासण्या झाल्या. जे निघायचं तेच निघालं. रेहानानं कुठल्याशा मोठ्या शहरातला दवाखाना शोधून काढला. तिथं रुग्णाच्याच हाडातल्या मज्जेतून मूळ पेशी काढून परत टोचतात आणि स्मरणशक्ती परत येईल म्हणतात. तारीखही मिळाली होती. तिला माझ्याकडून फक्त होकार हवा होता. “तुम्हीच तर माईकवर बोललात,” ती म्हणाली.

सरांनी मला घरी बोलावलं. सकाळची वेळ, डोकं निवळशंख. सरांच्या बायकोनं, आमच्या चाचींनी, चहा ठेवला आणि त्या दाराशीच उभ्या राहिल्या.

“बोल हिमायतनगर. ती सुई घेऊ का?”

“सर, आमचं सगळं अजून डबीत आहे. इतर ठिकाणी माणसांवर रीतसर चाचण्या चालू आहेत, पण गेलेली आठवण परत आली असं छातीठोक सांगण्यासारखं काही नाही. आणि त्या दवाखान्यात काय टोचतात, त्याचं पुढं काय होतं, याचा तर काही हिशेबच नाही. गाठ होऊ शकते. किंवा काहीच होणार नाही.”

“आणि न्हाई घेतली तर?”

मी बशीत चहा ओतू लागलो.

“ते मला ठाऊक हाय,” सर म्हणाले. “तुला शिकवलंय मीच. आधी नावं जातात, मग माणसं.” त्यांनी चाचींकडं पाहिलं आणि पटकन नजर काढून घेतली. “माझी कातडी तुझ्या डबीला चालती का रे? अजून सही करायची अक्कल हाय तोवर विचारून राहिलो.”

चालत होती. हैदराबादच्या इस्पितळात रीतसर सगळं समजावून, विचारून त्यांच्या दंडाच्या आतल्या बाजूची डाळीएवढी कातडी घेतली गेली. दवाखान्याची तारीख सरांनी स्वतः फोन करून रद्द केली. रेहाना मला स्टेशनवर गाठून म्हणाली, “अब्बांसाठी तुमच्याकडं काही नव्हतं. तुमच्यासाठी मात्र अब्बांकडं निघालं.” मी आयुष्यभर बडबड करत आलोय. तिथं नुसता गाडीत चढलो. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. त्या सुईनं काही फरक पडला नसता, याची मला जवळजवळ खात्री आहे. त्या ‘जवळजवळ’वर मी बरीच वर्षं काढली.

सर आता कुणालाच ओळखत नाहीत. मागच्या ईदला गेलो, तर चाची त्यांना शीरखुर्मा भरवत होत्या. मी माझं गाव सांगितलं. त्यांनी अदबीनं मान हलवली, परक्या माणसासमोर हलवतात तशी. चाचींनाही ते ‘तुम्ही’ म्हणत होते.

आमच्याकडं डब्यांवर नाव नसतं, नुसता क्रमांक. कुठली डबी कुणाची हे मला कळू देत नाहीत, आणि तेच योग्य आहे. सूक्ष्मदर्शकाखाली साऱ्या सारख्याच दिसतात. पेशी बारीक धागे सोडून एकमेकींना चाचपडत असतात. लहान झाल्यामुळं त्यांचं वयच पुसलं गेलेलं असतं, मग त्यांच्यात आजार दिसत नाही. म्हणून आम्ही एक औषध घालून त्यांना मुद्दाम म्हातारं करतो. हल्ली ते काम माझ्याकडं आहे. नळी हातात धरली की मी क्षणभर थांबतो, सगळ्याच डब्यांसमोर, कारण दुसरा इलाज नाही. मग एकेकीत थेंब सोडत जातो.