शेवटच्या खंडावर ठेवलेला जॅक

झेंडूच्या वासात ऑइलचा वास मिसळला की माझं डोकं अजून फिरतं. चौक गावाला हायवेवर वडिलांचं गॅरेज होतं, मी अकरावीत होते. तलवार घेऊन निघालेल्या राजकन्येची सात खंडांची कादंबरी मी चार वर्षं वाचत आले होते, आणि शेवटचा खंड नेमका खंडेनवमीला कुरियरने आला. दहा पानं होतात न होतात तोच वडिलांनी तो काढून घेतला. "हत्यारांसोबत पुस्तकं पण पूजेला लागतात गं. उद्या वाच, कुठं पळून जात नाय ते." पाटावर जागा पुरेना, तेव्हा त्यांनी पालथ्या खंडावरच गळका जॅक ठेवला आणि हात जोडले. दसऱ्याला उघडलं, तर शेवटची चाळीस पानं ऑइल पिऊन आरपार दिसत होती, दोन्ही बाजूंची अक्षरं एकमेकांत घुसलेली. राजकन्या जगली की मेली, काही कळेना. मी ओरडले, तर म्हणाले, "पूजेत झालंय, रडू नको." दुसरी प्रत त्यांनी आणली नाही, मीही हट्टाने घेतली नाही. आता गॅरेज मी चालवते. खंडेनवमीला दोन पाट मांडते, आणि म्हातारे वडील जॅक घेऊन पुस्तकांच्या पाटाकडे वळले, की अजून त्यांचा हात धरते.